कुड्याची साल आणि काढ्याचे शास्त्र

मे महिना संपत आला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या झुडपी रानात पांढऱ्या फुलांचे झुबके दिसू लागतात. झाड फार उंच नसते. पाने समोरासमोर, हाताच्या पंज्याहून लांब. पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. हा कुडा. संस्कृतात याला कुटज म्हणतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष मेघाचे स्वागत करतो ते याच फुलांनी. आपल्याकडे या फुलांची भाजी करतात. परंतु कुड्याचे खरे नाव झाले ते त्याच्या सालीमुळे. हगवण, आव, जुनाट अतिसार यांवर कुड्याची साल आपल्या देशात निदान दोन हजार वर्षे वापरात आहे. चरकाच्या ग्रंथात ती आहे, खेड्यातल्या वैदूच्या पिशवीत ती आहे आणि औषध कारखान्यातल्या कुटजारिष्टाच्या बाटलीतही तीच आहे.

झाडाच्या मुळांचे, पानांचे, बियांचे औषध होते हे पटते. पण सालीत असे काय असते? ती उकळायची कशी, हे कोणी आणि कशावरून ठरवले? आणि साल काढल्यावर झाडाचे काय होते? कुड्याच्या निमित्ताने या तीन प्रश्नांकडे पाहू.

झाडाचे कातडे नव्हे

साल म्हणजे झाडाचे कातडे, असे आपण सहज म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. एखाद्या वाळलेल्या फांदीचा आडवा छेद घेऊन पाहा. अगदी बाहेर खरखरीत, भेगाळलेला, मेलेला थर असतो. त्याच्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ भरलेला असल्यामुळे त्यातून पाणी आरपार जात नाही. बाटलीचे बूच याच थरापासून करतात. मात्र ते एका जातीच्या ओक वृक्षाच्या जाड सालीचे. रॉबर्ट हुक याने १६६५ साली आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली अशाच बुचाचा पातळ काप ठेवला आणि त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव दिले. म्हणजे जीवशास्त्रातला ‘पेशी’ हा शब्द मुळात एका सालीवरून आला आहे!

या मेलेल्या थराच्या आत मऊ, ओलसर, जिवंत साल असते. तिच्यात रसवाहिन्यांचे, म्हणजे परिकाष्ठाचे जाळे असते. पानांत तयार झालेली साखर या वाहिन्यांतून खाली मुळांपर्यंत उतरते. त्याच्याही आत ऊतककर हा फक्त काही पेशींच्या जाडीचा थर. तो बाहेरच्या बाजूला नवी साल आणि आतल्या बाजूला नवे लाकूड तयार करीत असतो. लाकडातल्या जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात. थोडक्यात, पाणी लाकडातून वर चढते आणि अन्न सालीतून खाली उतरते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

आता विचार करा. ज्या थरातून साखरेचा पाक सतत वाहत असतो, त्यावर किती जणांचा डोळा असेल? साल पोखरणाऱ्या अळ्या, उंदीर, खारी, हरणे, बुरशी, जिवाणू. झाडाला पळून जाता येत नाही. ते आपल्या भांडारावर रासायनिक पहारा बसवते. बाभूळ, जांभूळ, अर्जुन, वड यांच्या सालींत टॅनिने असतात. ती प्रथिनांना घट्ट चिकटतात. साल खाणाऱ्या किड्याच्या पोटातले पाचकरस ही प्रथिनेच असतात, आणि बुरशी जी विकरे सोडते तीही प्रथिनेच. कुड्याने दुसरी वाट धरली आहे. त्याच्या सालीत कोनेसीन आणि त्याच्या जातीची कितीतरी अल्कलॉइडे असतात. जिभेवर सहन होणार नाही इतकी कडू. आपण ज्याला औषध म्हणतो ते झाडाच्या दृष्टीने शस्त्र आहे. म्हणूनच औषधी साल ‘नैसर्गिक’ असल्यामुळे निरुपद्रवी असते, हे म्हणणे टिकत नाही. शस्त्राने रोगजंतूही मरतो आणि मात्रा चुकली तर माणसालाही इजा होते.

दोन कुडे

कुडा नावाची आपल्याकडे एकापेक्षा जास्त झाडे आहेत. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याचे शास्त्रीय नाव होलॅऱ्हीना प्युबेसेन्स. दुसरा काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघे एकाच कुळातले, दोघांना चीक, दोघांची फुले पांढरी, दोघांना जोडीने लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा आणि शेंगांत केसांची शेंडी असलेल्या बिया. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळीसारखा रंग मिळतो. नावातील ‘टिंक्टोरिया’ या शब्दाचा रोख रंगाकडेच आहे. त्याचे लाकूड पांढरे, मऊ आणि सूक्ष्म पोताचे असते. कर्नाटकात चन्नपट्टणची सुबक लाकडी खेळणी याच लाकडाची घडवतात. उपयोगी झाड खरेच. पण आवेवर मात्र पांढऱ्या कुड्याची बरोबरी करणारे नव्हे.

या दोघांच्या सरमिसळीने केवढा घोटाळा केला पाहा. युरोपात ही साल ‘कोनेसी साल’ या नावाने पोचली होती. पण बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची जवळजवळ निर्गुण साल मिसळली जाई. कोणाला गुण येई, कोणाला येत नसे. शेवटी तिच्यावरचा विश्वासच उडाला. औषध खोटे नव्हते. झाड चुकीचे होते. मुंबईत राहून पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींचा कसून अभ्यास करणारे विल्यम डायमॉक यांच्यासारख्यांना एकोणिसाव्या शतकात या घोळाची चर्चा करावी लागली.

घोळ नावापर्यंतही गेला. लिनियसने १७५३ साली एका झाडाच्या नावात ‘अँटिडिसेंटेरिकम’, म्हणजे ‘आवेवरचे’, हा शब्द घातला. पुढे हा शब्द आपल्या कुड्याच्या नावात आला आणि ‘होलॅऱ्हीना अँटिडिसेंटेरिका’ हे नाव पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी मूळ नमुने तपासले, तेव्हा लिनियसचे झाड श्रीलंकेतले राइटिया प्रजातीतले एक झुडूप निघाले! म्हणून आता आपल्या कुड्याला ‘प्युबेसेन्स’ हे नाव वापरतात. जुन्या पुस्तकात जुने नाव दिसले तर गोंधळून जाऊ नका.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना मात्र कुडे दोन आहेत हे ठाऊक होते. चरकाने पुं-कुटज आणि स्त्री-कुटज असे भेद सांगून फुलांचा रंग, फळांचा आकार अशा खुणा दिल्या आहेत. बाजारातही बियांना ‘कडू इंद्रजव’ आणि ‘गोडे इंद्रजव’ अशी वेगवेगळी नावे आहेत. कडू ते पांढऱ्या कुड्याचे, गोडे ते काळ्याचे. म्हणजे चव ही व्यापाऱ्यांची प्रयोगशाळाच म्हणायची.

आपणही ओळख करून घेऊ. फूल हाती आले तर त्याच्या मध्यभागी पाहा. पाकळ्यांच्या मधोमध झालरीसारखे तंतू दिसले तर तो काळा कुडा. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते. शेंगा असतील तर त्यांची टोके पाहा. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे मध्ये एक लांबट फट दिसते. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा देठाशी एकत्र आणि खाली सुट्या.

असाच घोटाळा कदाचित तुमच्या शाळेच्या आवारातही असेल. कुंपणालगत सरळ उंच वाढलेली, लांब कडानागमोडी पानांची झाडे दिसली तर सगळे त्यांना अशोक म्हणतात. तो खरा अशोक नव्हे. ज्याच्या सालीपासून अशोकारिष्ट करतात तो सीता-अशोक वेगळा. त्याचे पान संयुक्त, म्हणजे एका दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या असलेले, फुले केशरी-तांबड्या गुच्छांची, शेंगा चपट्या. शाळेतल्या ‘अशोका’ची फुले हिरवट, चांदणीसारखी. सीता-अशोक रानातून झपाट्याने कमी झाला आहे. त्याची साल मिळेनाशी झाली, मागणी तर वाढतीच, तेव्हा बाजारात त्याच्या नावावर दुसऱ्याच झाडांच्या साली विकल्या जातात. शाळेतल्या त्या ‘अशोका’चीही त्यात असते.

सोळा वाटी पाणी कशासाठी?

साल मिळाली. आता तिच्यातले द्रव्य बाहेर काढायचे. आयुर्वेदात वनस्पतीतला अर्क काढण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत: ओली वनस्पती कुटून पिळली की स्वरस, वाटून गोळा केला की कल्क, पाण्यात उकळून आटवली की क्वाथ किंवा काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवली की हिम, आणि उकळते पाणी ओतून झाकून ठेवली की फांट. चहा करताना काही घरांत फांट होतो आणि काही घरांत क्वाथ!

सालीसाठी बहुतेक वेळा क्वाथ करतात. शार्ङ्गधराने त्याचे माप दिले आहे. औषध जाडसर कुटावे, त्याच्या सोळापट पाणी घालावे, मातीच्या भांड्यात मंद विस्तवावर आटवावे आणि आठवा हिस्सा उरला की गाळून घ्यावे. समजा साल ५० ग्रॅम आहे. पाणी ८०० मिलिलिटर घालायचे आणि १०० मिलिलिटर उरवायचे. तुमच्यातला एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, “शेवटी १०० मिलिलिटरच हवे होते, तर आधी सातशे मिलिलिटर जास्त घालून ते उडवायचे कशाला? सरपण फुकट!”

प्रश्न उत्तम आहे. उत्तर शोधताना दुसरा एक नियम उपयोगी पडतो. औषध पाना-फुलांसारखे मऊ असेल तर चौपट पाणी, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट. म्हणजे पाण्याचे माप औषधाच्या कठीणपणावर अवलंबून आहे. आता थोडे गणित करू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक कॅलरी उष्णता लागते, आणि उकळत्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी. सालीचे ८०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ६०,००० कॅलरी लागतील. मग ७०० मिलिलिटर उडवायला ३,७८,०००. एकूण ४,३८,०००. आता ५० ग्रॅम पाने घ्या. पाणी चौपट, म्हणजे २०० मिलिलिटर. ते चौथाई, म्हणजे ५० मिलिलिटर उरवायचे. तापवायला १५,००० आणि १५० मिलिलिटर उडवायला ८१,०००. एकूण ९६,००० कॅलरी. विस्तवाकडून भांड्याला सेकंदाला १०० कॅलरी मिळतात असे धरले, तर पानांचा काढा १६ मिनिटांत होतो आणि सालीचा ७३ मिनिटांत.

आले लक्षात? पाणी हे घड्याळ आहे! ज्या काळी घरोघर घड्याळ नव्हते, त्या काळी “सव्वा तास उकळा” असे सांगण्यात अर्थ नव्हता. “सोळापट घाला, आठवा भाग ठेवा” असे सांगितले की विस्तव मंद ठेवणाऱ्या कोणाचाही वेळ आपोआप बरोबर येई. निदान मला तरी या मापांचा हाच अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो.

सालीला इतका वेळ का लागतो? वाळलेल्या सालीत पेशींच्या भिंती जाड आणि आकसलेल्या असतात. प्रथम पाणी आत शिरून त्या फुगायला हव्यात, मग आतली द्रव्ये विरघळायला हवीत आणि नंतर विसरणाने, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकत, बाहेर यायला हवीत. उष्णतेने ही तिन्ही कामे वेगाने होतात. साल कुटली की पृष्ठभाग वाढतो आणि द्रव्याला कमी अंतर तोडावे लागते. मग अगदी मैद्यासारखी पूड का करायची नाही? केलीत तर तळाशी चिखल साचतो, तो करपतो आणि फडक्याची भोके बुजतात. म्हणून भरडच बरी. गाळताना चोथा पिळून घ्यायचा, हेही विसरायचे नाही. आटून घट्ट झालेला काढा सालीने शोषून धरलेला असतो. न पिळता टाकलात तर त्याचा मोठा वाटा उकिरड्यावर जाईल.

दालचिनीचे मात्र उलट. तीही सालच, पण तिचा गुण तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. ती तासभर उघडी उकळली तर स्वयंपाकघर सुगंधी होईल आणि भांड्यात तुरट पाणी तेवढे उरेल. तिला फांटच योग्य.

मातीचे भांडे आणि दूध

आता थोडे प्रत्यक्ष करून पाहू. यासाठी कुडा नको, बाभळीची साल घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात ती मिळते, किंवा तोडलेल्या बाभळीच्या ओंडक्यावरून सोलता येते. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. यातले काहीही चाखायचेही नाही.

वीस ग्रॅम साल जाडसर कुटून ३२० मिलिलिटर पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. ४० मिलिलिटर उरले की पिळून गाळा. त्याच वजनाची साल दुसऱ्या भांड्यात ४० मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला. बहुतेक पाणी सालच पिऊन टाकील. पिळून जे निघेल ते घ्या. दोन्हींचे पाच-पाच थेंब दोन परीक्षानळ्यांत सारख्याच पाण्यात टाका आणि रंग ताडून पाहा. कोणता गडद आहे हे सांगायला नकोच.

आता काढ्याचे काही थेंब पाण्यात घेऊन त्यात प्रयोगशाळेतल्या फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका. ते नसेल तर हिराकस चालेल. द्रव शाईसारखा काळा होतो. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने पूर्वी खरोखरच शाई बनवीत. शार्ङ्गधराने मातीचे भांडे का सांगितले असावे, याचा उलगडा येथे होतो. लोखंडी कढईत तुरट सालीचा काढा केला तर कढईतले लोह टॅनिनाशी संयोग पावून काढा काळा पडेल.

दुसऱ्या नळीत अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून घ्या आणि त्यात काढा टाका. लगेच दुधी गढूळपणा येऊन चोथा खाली बसू लागेल. टॅनिनाने प्रथिन धरले. कातडे कमावताना नेमके हेच घडते. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यात कातडे भिजत ठेवले की त्यातल्या प्रथिनांना टॅनिन चिकटते आणि ते कुजत नाही. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर तोंड आंबल्यासारखे होते, तेही लाळेतली प्रथिने टॅनिनाने धरल्यामुळेच. वड, पिंपळ, उंबर यांच्यासारख्या सालींच्या काढ्याने जखम धुण्याची जुनी चाल आहे. तिच्यामागेही टॅनिनाचा हा तुरट, आकसून धरणारा गुण आहे.

तिसरी नळी दुधाची. दुधातले केसीन हेही प्रथिनच. ते टॅनिनाला धरून ठेवते आणि तुरटपणा कमी होतो. काळा चहा आणि दुधाचा चहा यांत जो फरक, तोच. अर्जुनाची साल हृदयरोगावर देताना वैद्य तिचा क्षीरपाक करायला सांगतात: साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचे. नुसते दूध एवढा वेळ उकळले असते तर ते करपले असते. येथेही पाणी घड्याळाचे काम करते, आणि दूध सालीचा तुरटपणा सौम्य करते.

आणि कुडा? त्याची साल ताकातून देण्याची चाल आहे. अल्कलॉइडे आम्लारिधर्मी असतात; आम्लाशी त्यांचे क्षार होतात आणि हे क्षार पाण्यात अधिक सहज विरघळतात. ताकात लॅक्टिक आम्ल असतेच. चाल पाडणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव दांडगा होता. अरिष्टाची युक्ती आणखी पुढची. काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवतात. त्यात तयार होणारे थोडे अल्कोहोल पाण्यात न उतरणारी काही द्रव्ये विरघळवते आणि औषध टिकवतेही.

सालीकडून गोळीकडे

१८५८ साली हेन्स या संशोधकाने कुड्याच्या सालीतून कोनेसीन वेगळे केले. १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचा पद्धतशीर अभ्यास केला. अमीबामुळे होणाऱ्या आवेवर त्यांचा परिणाम होतो असे दिसून आले. पण शुद्ध कोनेसीन रोग्यांना देऊ लागल्यावर दुसरी बाजूही पुढे आली: कोणाची झोप उडे, कोणाला कंप सुटे, कोणाचे मन भ्रमिष्ट होई. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि अमीबाच्या आवेवर तेच मुख्य औषध झाले.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगायला हवी. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. साल शोधत, कुटत, आटवत बसण्यात तास-दोन तास घालवणे तेव्हा जिवावर बेतू शकते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहायचे आणि डॉक्टरांकडे न्यायचे, हे आधी. काढ्याची मात्रा ठरवणे हे जाणत्या वैद्याचे काम आहे. घरातल्या घरात करण्याचे नव्हे.

झाड जगायला हवे

साल कधी काढावी? चरकाने शरद ऋतू सांगितला आहे. पावसाळ्यात ऊतककराचे काम जोरात चालते, त्यामुळे त्या सुमारास साल लाकडापासून सहज सुटते. आणि उन्हे पडू लागल्याने तिला बुरशी न येता ती वाळतेही.

पण कशी काढावी, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्सेलो मालपिगी याने झाडाच्या सालीचे एक संपूर्ण वळे काढून पाहिले. वळ्याच्या वरचा भाग फुगला, खालचा नाही. वरून येणारे अन्न तेथेच अडले होते. अशा झाडाची पाने काही काळ हिरवी राहतात, कारण पाणी लाकडातून वर चढतच असते. परंतु मुळे उपाशी पडतात. साठवलेले अन्न संपले की मुळे मरतात आणि मग सारे झाड. घाईने साल ओरबाडणारा माणूस बुंध्याभोवती गोल साल उतरवतो तेव्हा त्याच्या हाती पाच-दहा किलो साल येते आणि रानातले एक झाड कायमचे जाते. वाईट असे की झाड मरायला वेळ लागत असल्यामुळे मारणाऱ्याला ते दिसतही नाही.

यावर उपाय सुचला तो आपल्याच देशात, निलगिरीच्या डोंगरांत. मलेरियावरचे क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीत असते. पेल्त्ये आणि काव्हँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८२० साली वेगळे केले. दक्षिण अमेरिकेत सालीसाठी झाडेच्या झाडे तोडली जात होती. १८६० च्या दशकात उटकमंड येथे सिंकोनाच्या लागवडी झाल्या. तेथील अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर यांनी सालीच्या उभ्या पट्ट्या काढल्या. दोन पट्ट्यांमध्ये तेवढीच साल शाबूत ठेवली आणि उघडा पडलेला भाग ओल्या शेवाळाने झाकून बांधला. ऊतककर वाळला नाही, अन्नाची वाट बंद झाली नाही, आणि नवी साल आली. गंमत म्हणजे या नव्या सालीत जुन्यापेक्षा क्विनीन अधिक निघाले! आज अर्जुनाची साल काढतानाही हाच विचार सांगितला जातो: उभी पट्टी, घेराच्या पाव भागापेक्षा कमी, आणि अगदी आतला थर लाकडावर तसाच ठेवायचा.

ही कथा आपल्या काळातही एकदा घडली, आणि तिच्यात एक महाराष्ट्रीय नाव आहे. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्य भागात पॅसिफिक यू या हळू वाढणाऱ्या झाडाच्या सालीचे नमुने गोळा झाले. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर त्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. पण सालीच्या दहा हजार भागांत ते जेमतेम एक भाग! एका औषधासाठी जंगलच्या जंगल सोलावे लागणार, असा पेच उभा राहिला. तो सुटला सालीने नव्हे, पानांनी. यूच्याच युरोपीय जातीच्या पानांतून एक जवळचे संयुग मिळाले आणि त्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून औषध तयार करता आले. पाने दरवर्षी पुन्हा येतात.

कुड्याच्या बाबतीत निसर्गाने आपले काम सोपे केले आहे. कुडा जमिनीलगत तोडला तर त्याचा खुंट मरत नाही. त्याला जोमाने धुमारे फुटतात आणि मुळांवरूनही नवी रोपे उगवतात. म्हणून पोसलेले खोड तोडून त्याची सगळी साल वापरायची आणि खुंट तसाच राखायचा, हे उभे झाड गोल सोलून मारण्यापेक्षा कितीतरी बरे. खुंटाभोवती गुरे येऊ नयेत एवढे काट्यांचे कुंपण मात्र हवे, कारण कोवळ्या धुमाऱ्यांत कडूपणा असला तरी भुकेले ढोर त्यांना तुडवतेच. रानात असा धुमारे फुटलेला खुंट दिसला तर त्यावर किती धुमारे आहेत आणि त्यातला सर्वांत जाड किती घेराचा आहे हे मोजून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. अर्थात त्याआधी शेंगांची टोके पाहून तो पांढरा कुडाच आहे ना, याची खात्री करून घ्या.